हात न पोचणारी जागा

ताप आला तर माणसाला भेटायला लोक येतात, संत्री आणतात, उशाशी बसून ‘आता कसं वाटतं’ म्हणून विचारतात. खाज सुटली तर तेच लोक चार हात लांब बसतात आणि हसतात! माझी तर वर्षानुवर्षांची खाज. म्हणजे किती लोक हसले असतील याचा हिशेबच नको.

तेव्हा मी आर्वीच्या एका जीनमध्ये कारकून होतो. जीन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. सरकी काढायची यंत्रं, म्हणजे रेचे, सुरू असले की शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही, म्हणून ते बंद झाले रे झाले की सगळ्यांची तोंडं एकदम सुटायची. रोज एक किस्सा माझा असायचाच. एकानं सांगितला की दुसरा त्यात मीठमसाला घालणार, तिसरा ‘अरे, असं झालंच नव्हतं’ म्हणून पहिल्यापासून सांगणार. एवढ्याशा पाठीवर केवढा ढीग जमला! शेवटी मीच सांगायला लागलो. अब्रू जायचीच आहे, तर ती आपल्या तोंडानं, बेताबेतानं घालवलेली बरी.

जागा सांगतो. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, मणक्याला लागून, पोळीएवढी. वरून हात टाकला तर बोटभर कमी पडतो, खालून घातला तर बोटभर कमी पडतो. देवानं माणूस घडवताना ती जागा मोजूनच ठेवली असावी.

*

जीनच्या शेडला लोखंडी खांब होते. त्यातला फाटकाजवळचा माझा. काटा करणारे गुलाबराव गाडी तोलायचे, मी वजन लिहून घ्यायचो, आणि दोन गाड्यांच्या मधे खांबाला पाठ लावून खालीवर व्हायचो. ‘खालीवर’ म्हणजे अगदी बैठका! नवे गाडीवान आधी मला पहिलवान समजायचे.

एकदा हंगामाच्या सुरुवातीला सेठनं सगळ्या खांबांना हिरवा रंग द्यायला सांगितला. ते काम फिटर करीमभाईकडे. मी नेहमीप्रमाणे वजन लिहिलं, डोळे मिटले आणि खांबाला टेकून मनसोक्त पाठ घासली. त्या दिवशी खांब जरा जास्तच गुळगुळीत लागला, एवढंच.

डोळे उघडले तर समोर करीमभाई, एका हातात कुंचला, दुसऱ्या हातात डबा. मला वाटलं आता शिव्या घालणार. त्यांनी माझ्या पाठीकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “बाबूजी, ये वाला तो बराबर फैल गया. अब जरा उस खंबे पे भी आ जाओ!”

*

औषधं सुचवायला कोणाला शिक्षण लागत नाही. कोणी म्हणे कडुनिंब, कोणी करंजीचं तेल, कोणी गंधक. आमचे हेडक्लार्क दामोदरपंत मोठे सोवळ्यातले, ते म्हणाले, “पहाटे थंड पाण्यानं आंघोळ.” ते स्वतः करायचे म्हणून साऱ्या जगानं करावी, असं त्यांना नेहमीच वाटायचं.

आई आंजीला राहायची. एका रविवारी मी गावी गेलो, तर तिनं सरकीची ढेप कुटून, मीठ घालून, गरम लेप पाठीवर थापला. वर धडपं बांधलं. “वाळेपर्यंत काढजो नको,” म्हणाली. आईचा शब्द मोडायचा नाही म्हणून सोमवारी मी तसाच ड्यूटीवर.

ढेप आणि मीठ! आता बैलाला आणखी काय पाहिजे? मी पाठमोरा उभा राहून वजन लिहीत होतो, तोच मागून एका लाल बैलानं माझ्या पाठीवरून जी जीभ फिरवली! कानसच ती! सदऱ्यासकट, धडप्यासकट त्यानं नेमकी जागा गाठली. माझ्या हातातली पेन्सिल पडली.

गाडीवान घाबरला. “बाबू, बैल हटवू का?”

“राहू दे,” मी म्हणालो.

काट्यावरून गुलाबराव ओरडले, “अजी बाबू, मांगच्या गाड्या थांबून राह्यल्या!”

“थांबू दे!”

गलका ऐकून दामोदरपंत ऑफिसातून बाहेर आले. बैल चाटतोय, मी डोळे मिटून उभा, आणि फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “मधू, या बैलाला कायम करायचं की नुसतं हंगामापुरतं ठेवायचं?”

*

कापूस बाजारात हर्रास चालायचा. गाडी उभी राहिली की बोली बोलायची, नाहीतर हात वर करायचा. आमच्या खरेदीवाल्यांना एकदा ताप आला आणि सेठनं मला पाठवलं. “कवडी कापूस घेऊ नको,” एवढंच बजावलं. कवडी म्हणजे किडक्या बोंडाचा, पिवळा, कोणी फुकटात न घेणारा.

पहिलीच गाडी कवडीची. सगळे तोंड फिरवून उभे. आणि नेमकी तेव्हाच माझ्या पाठीत कळ उठली. मी डावा हात झटक्यानं वर करून मागे टाकला.

“जीनवाल्या बाबूची बोली!”

मी हात खाली घ्यायला जातो, तर खाज आणखी जोरात. पुन्हा हात वर. “बाबूनं वाढवली!” माझीच बोली, आणि मीच तिच्यावर चढवतोय! गाडी आमच्या गळ्यात पडली. ती घेऊन जीनला आलो, तेव्हा सेठ बाहेरच उभे होते. त्यांनी नुसता पिवळा कापूस हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

पण गंमत पुढंच आहे. दुसऱ्या एका जीनचा अडत्या तिथं होता, फार हुशार म्हणून नाव असलेला. त्याला वाटलं, हा एवढा पढलेला माणूस कवडी घेतो म्हणजे यात काहीतरी खुबी आहे, आणि पाठीवर हात टाकणं ही आमच्या जीनची गुप्त खूण आहे. तोही तशीच खूण करायला लागला. त्याचं पाहून तिसरा.

त्या हंगामात आर्वीच्या बाजारात तीन माणसं पाठ खाजवत होती. खाज फक्त एकालाच होती!

*

शेवटी नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. आर्वीहून पुलगावपर्यंत छोटी गाडी. तिचे लाकडी बाक इतके हलायचे की अर्धा इलाज प्रवासातच झाला.

डॉक्टरांनी पाठ पाहिली, मणके दाबले. म्हणाले, “कातडीत काही दोष नाही. जो काळा चट्टा आहे, तो तुम्हीच घासून घासून केला आहे. खरी गडबड नसेची आहे. मणक्यातून निघते तिथं ती कुठंतरी दबली असणार. जागेवर काहीच नसतं, तरी ती वर खाजेची खबर पाठवते. खोटी तार येते म्हणा ना.”

“मग औषध?”

“खाजवू नका.”

एवढं ऐकायला मी नागपूरला गेलो होतो! परत येऊन जीनमध्ये सांगितलं, तर दामोदरपंत म्हणाले, “खोटी तार येत असेल तर टपाल ऑफिसात तक्रार करायची. डॉक्टरकडे कशाला गेलास?”

करीमभाईंनी मात्र मनावर घेतलं. दुपारी हातात काहीतरी लपवून आले. “नस ढीली है ना? बाबूजी, उलटे लेट जाओ. पाना लाया हूँ!”

*

आता जरा अवघड भाग. तोही हसतच सांगतो, पण तेव्हा हसू येत नव्हतं.

रोहण्याची एक मुलगी सांगून आली होती. शांता तिचं नाव. वडील बापूरावजी, कास्तकार, शब्दाचे पक्के. आई आणि मी मुलगी पाहायला गेलो. शांता आली, पाट ओढून बसली, खाली मान घालून नाव सांगितलं. मला मुलगी आवडली. मला मुलगी आवडली की माझ्या पाठीला ते कळतं कसं, देव जाणे! ती खाज उठली की मला बसवेना. मी भिंतीला टेकलो, हळूहळू घासायला लागलो. भिंत नुकतीच पांढऱ्या मातीनं पोतारलेली. माती खाली पडायला लागली. शांतानं ती पाहिली, मग मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. ती हसली हे मी पाहिलं, आणि मनात म्हटलं, हीच.

पण खाज कुठं थांबते? ‘बैल पाहून येतो’ म्हणून मी गोठ्यात गेलो, सदरा वर केला आणि लाकडी मेढीला उघडी पाठ लावली. तेवढ्यात शांताची काकू शेणाची टोपली घेऊन आत आली. तिनं चट्टा पाहिला. टोपली तिथंच टाकून ती बाहेर पळाली.

आमच्या जिल्ह्यात तेव्हा गावोगाव महारोगाची तपासणी चालायची. सायकलीवर तपासणीवाले यायचे, माणसांना उघडं करून पाठी-पोटं पाहायचे. त्यामुळे पाठीवर चट्टा म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट यायची. आठ दिवसांत निरोप आला, ‘आमाले थोडं थांबाचं हाय.’ थांबायचं म्हणजे काय ते आईला कळलं. ती जेवेना. आणि खरं सांगतो, मी पण घाबरलो. डॉक्टर म्हणाले होते नस. त्या रोगातही नसाच जातात, हे मी कुठूनतरी ऐकलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांचं चुकलं असलं तर?

त्या रोगात चट्ट्याला काही समजत नाही, असं म्हणायचे. म्हणून मी खोलीचं दार लावून पऱ्हाटीच्या काडीला बाभळीचा काटा बांधला आणि मागे हात नेऊन टोचून पाहिलं. आधी लागेना. घाम फुटला. मग ध्यानात आलं, काटा सदऱ्यातच अडकलाय. सदरा काढला, पुन्हा टोचलं. असं कळवळलो की काय सांगू! मी आनंदानं ओरडायला लागलो, “दुखलं! दुखलं!”

घरमालकीण दाराशी आली. “काऊन जी बाबू? खाज डोस्क्यात त नाई गेली?”

*

गोष्ट जीनमध्ये पोचायला वेळ लागला नाही. एके सकाळी पाहतो तर माठावरचा माझा पेला कोणीतरी उचलून खिडकीत एकटा ठेवलेला. मी तसाच वजनाची वही उघडून बसलो. आतून मात्र मेल्यासारखं झालं.

गुलाबराव काट्यावरून आले. त्यांनी खिडकीतला तोच पेला घेतला, माठात बुडवला, घटाघटा प्याले. पुन्हा बुडवला, पुन्हा प्याले. तिसऱ्यांदा बुडवला तेव्हा कोणीतरी म्हणालं, “गुलाबराव, एवढी तहान?”

“नाई रे बावा. पोट फुटून राह्यलं. पण तुमी पाह्यलं का नाई, ते समजेपर्यंत प्याच लागते ना!”

दामोदरपंतांचं मला आश्चर्य वाटलं. आंघोळीनंतर कोणाचा धक्का लागला तरी पुन्हा आंघोळ करणारा माणूस. ते टेबलावरची लाकडी पट्टी घेऊन उठले, माझ्यामागे उभे राहिले आणि सगळ्यांसमोर माझी पाठ खाजवायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पट्टी चुकीच्या ठिकाणी फिरत होती, पण मी सांगितलं नाही.

*

आणि मग एके दिवशी बापूरावजी स्वतःच आले. कापसाची गाडी घेऊन. आमच्याच जीनला घालायचे ते दरसाल. गाडी फाटकातून आत आली, तर कापसावर सायकल आडवी टाकलेली आणि सायकलीशेजारी खादीची टोपी घातलेला एक माणूस बसलेला. तपासणीवाले गोविंदभाऊ!

बापूरावजी खाली उतरले. गाडीवानाला म्हणाले, “बैल सोडू नको. लगेच निघाचं हाय.” मग सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“बाबू, तुमी दरसाल माह्या गाडीत खांद्यापर्यंत हात घालून आतला कापूस काढून पाह्यता. पाह्यता का नाई?”

“पाहतो.”

“वरून पांढरा अन् आतून कवडी निंगू नये म्हून. मी कदी नाई म्हटलं?”

“नाही.”

“मंग आज मी पाह्यतो. काढा सदरा.”

दुपारच्या सुट्टीची वेळ. रेचे बंद. गाडीवान, मजुरी करणाऱ्या रेजा, फिटर, सगळे भोवती जमले. ‘ऑफिसात चला’ म्हणायचं मनात होतं, पण मग म्हटलं, रोज त्यांचा माल आपण चारचौघांत उघडतोच ना? काढला सदरा. एका उपड्या टोपल्यावर बसलो.

गोविंदभाऊ भला माणूस. हळूच म्हणाले, “भेवाचं कायले, बाबू? असला तरी आता गोळ्या निंगाल्या. माणूस बरा होते.” मग मोठ्यानं नियम सांगितला. डोळे बांधायचे. कापसाची बारीक वात पाठीला लावतील. लागली की ‘हं’ म्हणायचं. वात कशाची? बापूरावजी म्हणाले, “माह्या गाडीतला घ्या. दुसऱ्याच्या कापसाचा भरोसा नाई.”

करीमभाईंनी आपल्या रुमालानं माझे डोळे बांधले. रुमालाला इंजिनाच्या तेलाचा वास. मी कान देऊन बसलो. सगळं जीन चिडीचूप. काही लागत नव्हतं.

काहीच लागत नव्हतं! वात फिरत असणार आणि मला कळत नसणार. संपलं. आई, शांता, नोकरी, सगळं संपलं. आणि तेवढ्यात चट्ट्यात मुंगी चालल्यासारखं झालं.

“हं!” मी ओरडलो. मग आणखी एक मुंगी. “हं! हं! लागलं! इथं पण लागलं! हं!”

मागून गोविंदभाऊंचा आवाज आला, “अजी बाबू, म्या आजून सरकीच काढून राह्यलो!”

जे हसू फुटलं! गाडीवान एकमेकांवर पडले. दामोदरपंतांचा आवाज ऐकू आला, “एवढं अख्खं जीन इथं उभं आहे, आणि तुम्ही सरकी हातानं काढताय?”

मग खरी तपासणी झाली. उजवीकडे वात लागली, “हं.” कमरेवर, “हं.” चट्ट्याच्या कडेला, “हं.” मग बराच वेळ काही नाही. मी ओठ गच्च मिटून बसलो. आता खोटं ‘हं’ म्हणायचं नाही, काय व्हायचं ते होवो. आणि चट्ट्याच्या अगदी मधोमध काहीतरी हलकं, मऊ टेकलं. इतकं हलकं की मला स्वतःचाच भरोसा वाटेना.

“हं?” मी हळूच म्हटलं.

“बरोबर,” गोविंदभाऊ म्हणाले. मग टाचणी टोचून पाहिली. ती कळायला कोणाला विचारावं लागलं नाही, माझी बोंब फाटकाबाहेर गेली. “हा तो रोग नाई, बापूरावजी. त्यात चट्ट्याले समजत नाई. या चट्ट्याले त जरुरीपेक्षा जास्तच समजून राह्यलं.”

बापूरावजी माझ्यामागे आले, ते चपलांच्या आवाजावरून कळलं. माझे डोळे अजून बांधलेलेच. थोड्या वेळानं पाठीवर एक बोट टेकलं. नांगर धरलेलं, खडबडीत, बाभळीच्या सालीसारखं.

“इथं समजते?”

“हो.”

“अन् इथं?”

“समजतं.”

मग ते बोट नख टेकवून जरा वर सरकलं. आणि काय सांगू! खांब झाले, भिंत झाली, मेढ झाली, बैलसुद्धा झाला. पण इतक्या वर्षांत कोणी असं नेमकं त्या जागेच्या जवळ आलं नव्हतं. माझं भान गेलं.

“मामाजी,” मी म्हणालो, “जरा डावीकडं.”

तोंडातून शब्द गेल्यावर माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे मामाजी म्हणतात सासऱ्याला, आणि तेही लग्न लागल्यावर. पाठीवरचं बोट थांबलं.

मग ते डावीकडे सरकलं. एका बोटाची पाच झाली. खाजवता खाजवताच मामाजींनी गाडीवानाला हाक मारली, “बैल सोड रे! जवायाची पाठ मोठी हाय, येळ लागन.”